रुजू

पत्र मार्चमध्येच आलं होतं.
कुमारी वैजयंता परशराम पावशे, मु. पो. तुरमुरी,
यांनी एक जुलै रोजी सकाळी आठ वाजता
शिनोळीच्या कारखान्यात रुजू व्हावे.
आईने 'रुजू'वर बोट ठेवलं,
"हे बियाण्याचं काय लिवलंय?"

शिनोळी पाच-सहा किलोमीटर. मध्ये बाची,
मध्ये एक राज्य संपतं.
कुठे संपतं ते आम्ही सायकलच्या दणक्यांवरून ओळखतो.

मुलाखतीत पुण्याचे साहेब हसले होते.
"किती वाजता पोचशील?"
"साडेसातला येतो, सर."
"येते म्हणायचं. येते."
आमच्यात आई येतो, आत्ती येतो,
नवी सूनसुद्धा महिन्याभरात येतो म्हणायला लागते.
परतीच्या बसस्टॉपवर मी घोकत उभी:
येते. करते. बघते. मोजते.

उद्यमबागेतली इंटर्नशिप सहा आठवड्यांची.
त्यातले एकोणीस दिवस झाले.
इरण्णा मिस्त्रींनी भट्टीसमोर उभं करून
हातात पायरोमीटर दिला, म्हणाले, नोडु.
चौदाशे ऐंशी.
लोखंड असं गप्प झालं की ओतायचं, पोरी,
बोलत असलं तर थांबायचं.
विसाव्या दिवशी गेटला कुलूप.
उरलेली भट्टी मोबाईलवर पाहिली,
दीड जीबीत मावली तेवढी.
प्रमाणपत्रावर मात्र सहा आठवडे पूर्ण.
त्या कागदाला माझ्यापेक्षा जास्त येतं.

एप्रिलमध्ये बाचीच्या पुढे जेसीबीने रस्ता कापला
आणि आडवी माती टाकली.
आज्ज्यापासून जिच्यावर भाषणं ऐकली
ती हद्द मी पहिल्यांदा हाताने चाचपली.
लाल, ढेकळांची,
माझ्या कमरेएवढी.

एक जुलैला साडेसातला तिथे गेलेच.
इस्त्रीचा ड्रेस, डबा, मूळ कागदपत्रं.
'पुढील सूचनेपर्यंत' असा मेल आला होता,
वाचला होता, पाठ होता. तरी.
पलीकडे चिमणीला धूर नव्हता.
मातीच्या ढिगावर कुणाच्या पाटीतून पडलेला
रताळ्याचा वेल
रुजू झाला होता.

मग ढीग काढला. दुसरी लाट आली, तंबू पडला.
पंचायतीला शिकलेलं माणूस हवं होतं,
दिवसाला तीनशे, कन्नड लिहिता यायला पाहिजे.
रजिस्टरचे रकाने: हेसरू. ऊरू. कारण.
कारणाला दोन्हीकडे कारणच म्हणतात.
हातात थर्मामीटर. तसाच नेम, तसंच बटण,
भट्टीच्या जागी कपाळ.
चौदाशेवर नजर बसलेली मी
दिवसभर अठ्ठ्याण्णवच्या आतबाहेर.
दुधवाला. बाळंतीण. काजूच्या कारखान्यातल्या बायका,
ज्या रोज विचारायच्या, तुझं लागलं का गं कुठं?
लागलंय की, म्हणायचे, हे काय.

मंगळवारी पांढरी गाडी आली. काच खाली झाली.
मास्कवरचं ते कपाळ मी लगेच ओळखलं,
मुलाखतभर त्याच्याकडेच तर बघत होते.
माझ्याही तोंडावर मास्क.
सत्त्याण्णव पॉइंट आठ.
"कारण?"
"कंपनी सुरू झाली, मॅडम. नवीन मुलं घेतोय.
एकवीसची बॅच."
मी लिहिलं: ड्यूटी.
वीसची कुठे गेली
हे विचारायला रकाना नव्हता.

संध्याकाळी तंबू आवरला.
स्वतःचं कपाळ मोजलं, अठ्ठ्याण्णव पॉइंट दोन.
शेवटच्या ओळीत माझं नाव लिहिलं, गाव लिहिलं,
कारण मोकळं ठेवलं
आणि बॅरिकेडखालून वाकले.
हवालदार ओरडले, "ए वैजू, आता कुठं?"
पाच वाजून गेलेले. ऑफिस बंद झालं असेल.
म्हटलं,
शिनोळीला जाऊन येतो.