सालं

मुक्बिलच्या गच्चीवर, हराजच्या डोंगरात,
कॉफीची लाल फळं अख्खीच वाळत पडलीत.
धुवायची नाहीत, सोलायची नाहीत;
दवाआधी गोळा, उन्हात पुन्हा पसर,
वीस-बावीस दिवस.

कातिबा अनवाणी पायानं फळं परतते.
मध्येच एक उचलून कानाशी हलवते.
वाजलं.

बिया निघाल्या. पाच घरांची मिळून एक गोणी,
वर फक्त गावाचं नाव.
दलाल सांगून गेला:
तिकडे म्हणे या कॉफीला
जर्दाळूची चव लागते.

कातिबानं ती कॉफी कधी चाखलेली नाही.
तिच्या चुलीवर उरलेली सालं उकळतायत,
आलं ठेचून घातलंय.
वाफेवर वाकून ती हुंगते.
जर्दाळू होय?
तो इथंच राहिला की.