आकडे मोठ्याने

आमच्या मंडळीत दान गुपचूप देत नाहीत.
उपासना संपली की चिटणीस उभी राहते,
वही उघडते, वाचते: आधी नाव, मग आकडा.
फाआमानू कुटुंब, दोनशे डॉलर.
इओआने आणि बायको, साठ.
दोनशेवाल्याची मान जराशी वर,
साठवाल्याची जराशी खाली,
देव मधे कुठेतरी.
सामोआहून ही रीत आजोबांनी बोटीतून पोरिरुआला आणली,
अरवीच्या कंदांबरोबर.
चिटणीस मी. सतरा वर्षं.

तो जूनमध्ये आला, थंडीच्या ऐन मुक्कामात.
मालाकी. त्याचं गाव माझ्या आईच्या गावाशेजारचं,
म्हणजे तो तसं म्हणाला.
आवाज इतका खोल, की तो गायला लागला
आणि आमची जुनी बाकं गुणगुणू लागली.
जेवणं झाल्यावर बाह्या सारून
त्याने सगळ्यांची उष्टी भांडी घासली.
भांडी घासणाऱ्याचे कागद कोण तपासतं?

मग हळूच, टॉवेलला हात पुसत:
शंभर टाका, नऊ आठवड्यांनी दीडशे उचला.
बँक परक्यांची असते, मावशी.
हे आपल्यातच राहू दे.

पहिले दीडशे खरंच आले. तेनारीने फ्रीझर घेतला.
पांढराशुभ्र. सगळे जाऊन बघून आले.
त्या फ्रीझरने आमची अकरा घरं गिळली.

केसाने गळा कापला म्हणतात.
आमचा स्तोत्राने कापला.

फोन बंद झाला, त्या रविवारी
त्याच्या जागेवर कुणी बसलं नाही.
कुणी काही बोललंही नाही.
पोलिसातली एक तरुण बाई येऊन गेली,
तक्रार कोण देतंय, तिने विचारलं,
आम्ही सगळे आपापल्या बुटांकडे बघत राहिलो,
बुटांनीच पैसे नेल्यासारखे.
किती गेले, हे नवऱ्याला बायको विचारेना.
तो कुठे होता कोण जाणे,
पण आमच्या गप्प बसण्यावर
त्याचं अजून व्याज चालू होतं.

सप्टेंबरात एकदा दानाची यादी संपली,
मी पान उलटलं.
आज आणखी एक यादी आहे, म्हणाले.
लोसा तुइमालू. एकोणीस हजार चारशे.
नवऱ्याच्या विम्याचे.
वाचताना आवाज तोच ठेवला, दानाचा.

पांढऱ्या टोप्यांची एकही रांग हलली नाही.
बाहेर कुणाच्या तरी गाडीचा भोंगा
मूर्खासारखा वाजत राहिला.
मग मागून म्हातारा इओसेफो, काठी न घेता:
लिही. सहा हजार.
तेनारी: बारा. आणि फ्रीझर, तोही लिही.
एक मुलगा, जेमतेम विशीचा: आईला माहीत नाही, तीन.
आई शेजारीच बसली होती.
शेवटी पाळक उठले. त्यांचा आकडा
मला दोनदा विचारावा लागला.

ते पान घेऊन आम्ही चौकीवर गेलो, दोन व्हॅन भरून.
पैसे आले नाहीत. येतील असं कुणी म्हणतही नाही.

गेल्या महिन्यात एक नवा माणूस आला.
चांगला गळा आहे, भिडस्त आहे.
चहा दिला, खुर्ची दिली,
आणि सगळ्यांदेखत, मोठ्याने विचारलं:
कुठला, कुणाचा, काय करतोस, काही विकतोस का?
बिचारा कानापर्यंत लाल झाला.
बहुधा नुसता गायलाच आला असेल.

जेवणानंतर तो मोरीकडे वळला.
राहू दे, म्हटलं.
भांडी आता मीच घासते.