रावणाच्या मालकीचा पुरावा

मालवणच्या कचेरीतून उत्तर आलं, गोल शिक्क्यासकट:
'वाहून गेलेला रावण कोणाच्या मालकीचा,
त्याचा पुरावा अर्जासोबत जोडावा.'

जुझे लोबो कागद घेऊन माझ्या दुकानात उभा.
'ह्यां काय लिवलंस गो बाय?
रावण खय इलो मधीच?'

रापण लिहिलं होतं मी. देवाशप्पथ, रापण.
तळाशीलच्या वीस घरांची,
दोन टोकांनी दोर खेचत
कमरेएवढ्या पाण्यातून काठाला आणायची ती.
स्पेस दाबली आणि नजर वळली झेरॉक्सकडे,
तेवढ्यात तिला दहा तोंडं फुटली.

आणि अर्जदाराचं नाव: तुझे लोभ.
ते त्याला अजून दिसलं नव्हतं.
मी अंगठा ठेवला त्यावर.

पुन्हा बसले लिहायला.
पेडव्यांचे पेढे झाले. खोडले.
होडी आमची सातेरी, तिची सातारी झाली,
म्हणजे दर्या सोडून घाट चढली एका रात्रीत.
सौंदाळ्यांचं सौंदर्य झालं,
ते मात्र मी जरा वेळ तसंच राहू दिलं.
जे बदलता आलं नाही त्याच्याखाली
लाल नागमोडी रेघ. पानभर लाल लाटा,
वारा नाही, भरती नाही, नुसत्या लाटा.

चौथीत पेडणेकर बाई माझ्या निबंधातल्या 'खय'चं
'कुठे' करायच्या, लाल पेनानं.
पण बाई मी लिहून झाल्यावर सुधारायच्या,
वही परत देताना डोळ्यांत बघायच्या.
ह्याला डोळे नाहीत, आणि धीर तर मुळीच नाही.
माझं बोट उठायच्या आत
मला काय म्हणायचं ते ह्याला माहीत.

'शब्दकोशात जोडा' असं एक बटण असतं.
दाबत गेले.
रापण जोडली. पेडवे, मुडदुशे, सौंदाळे.
सातेरीला हात जोडून जोडलं.
लग्नघरात नव्या सुनेला
एकेक माणूस दाखवावं तसं:
हे जुझे. हे लोबो. हे आमचेच.

मग रकाना आला, नुकसानीचे स्वरूप.
जुझे बाकड्यावर बसला होता,
तळव्यांतले दोराचे घट्टे चाचपत.
म्हणाला, 'जाळां नाय गेलां गो, हात गेलो माझो.'
मी लिहिलं: जाळ्याचे पूर्णतः नुकसान.

त्याच्याखाली एकही लाल रेघ आली नाही.
स्वच्छ पांढरं पान.
आधी मला बरं वाटलं.
मग पंख्याखाली बसून घाम फुटला.

हे यंत्रानं नव्हतं केलं.
त्याचं तोंड उघडलं तेव्हाच
माझ्या बोटांनी ते शुद्ध करून टाकलं होतं,
न विचारता, स्पेस दाबायच्याही आधी.
किती वर्षं करतेय मी हे?
किती जणांचे अर्ज,
किती बायकांचं रडणं मी
'सविनय सादर' करून पाठवलं तालुक्याला?

पुसलं.
तो म्हणाला तसंच लिहिलं, अनुस्वारांसकट.
अख्खी ओळ लाल झाली, एक शब्द सुटला नाही.
राहू दे म्हटलं.

प्रिंट काढली. रेघा कागदावर उमटत नाहीत
हे मला दहा वर्षं ठाऊक आहे,
तरी कागद दाराच्या उजेडाला धरून बघितला.

'ह्यां कोण वाचतलो थय?' जुझे म्हणाला.
'बघूया.'

त्यानं सही केली, जुझेतला झ उलटा काढून,
कागद पिशवीत, पिशवी दुसऱ्या पिशवीत,
आणि खिसा चाचपत वीसची नोट काढली, ओलसर.
'ऱ्हवलेल्याचे तारले हाडून देतलंय,
गावले की.'
मी मान हलवली.
रापण नसताना तारले कुठून गावायचे,
ते त्यानंही बोलून दाखवलं नाही, मीही नाही.