शेरा: ग्रहण नाही

पूर्णगडच्या जेटीवर भरती-ओहोटी लिहायचं काम माझं.
पट्टी वाचायची, आकडा टाकायचा, सही करायची.
शेवटच्या रकान्याचं नाव शेरा.
वारा पडला, होडी उलटली, जेलीफिश आले,
असलं काही त्यात जातं.
काही नसलं की आडवी रेघ.

सतरा वर्षांपूर्वी एका अवसेला
रेघ मारायचा कंटाळा आला म्हणून लिहिलं:
ग्रहण नाही.
मग पुनवेलाही लिहिलं. मग हातालाच सवय लागली,
वर्षाला चोवीस-पंचवीस वेळा.
एकदा साहेब आले. चष्मा पुसत म्हणाले,
डोर्लेकर, घडलंच नाही ते कशाला लिहिता?
म्हटलं, साहेब, घडायला सगळं जमून आलेलं असतं.

आणि खरंच असतं.
उधाण बघा. त्याचं कधी चुकत नाही.
तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ हाताशी येते.
अवसेला चंद्र सूर्याच्या बाजूला, पुनवेला समोर,
दोघं मिळून असे ओढतात
की मुचकुंदीची खाडी
सोलकरांच्या माडाच्या बुडाशी येऊन उभी राहते.
एवढी ओढ,
आणि सावली मात्र कुठेच नाही.

हे विचारलं सायमानं. लतीफ सोलकरची धाकटी,
सहावीत, पायात बापाच्या चपला.
"दर अवसेला चंद्र मधे येतो ना?
मग दर अवसेला काळोख का नाही?"
तिच्या पुस्तकात तिघं एका रेषेत काढलेले होते.
कागद सपाट, चित्र काढणारा तरी काय करणार.

तिच्या हातात कुर्ल्या धरायचं कडं होतं,
जाळी फाटून गेलेलं, नुसती वाकवलेली सळी.
मासळीच्या टपात पाणी होतं.
कडं मी पाण्यात तिरकं धरलं,
अर्धं वर, अर्धं खाली.
"पाणी ही सूर्याची वाट. कडं ही चंद्राची.
बोट फिरव कड्यावरून. बुडलं कुठं? वर कुठं आलं?"
"इथं. आणि हितं, समोर."
बस्स, त्या दोनच जागा.
माझी आई त्यांना राहू-केतू म्हणायची, घाबरायची.
डोकं नाही, धड नाही,
कडं पाण्याला लागतं तेवढंच.

"किती तिरकं?"
हात लांब कर, तीन बोटं आडवी धर. एवढं.
चंद्र झाकायला अर्धी करंगळी पुरते,
मग तीन बोटं म्हणजे केवढं तरी झालं.
तो वरून निघून जातो, नाहीतर खालून,
आणि इथं जाळी विणणाऱ्या कुणाला पत्ताही नसतो
की आत्ता वर कुणी कुणाला चुकलं.

"आणि त्या दोन जागा? त्या तरी तिथंच राहतात?"
मी टपात कडं हळूच फिरवलं.
गाळात नांगर धरत नाही, तशा त्याही मागे सरकतात.
वर्षातून दोनदा सूर्य त्यांच्यापाशी येतो,
दर वर्षी एकोणीस दिवस अलीकडे.
"ईदसारखं," ती म्हणाली. "ईद अकरा दिवस येते अलीकडे."
टपातलं पाणी तिनं माझ्या पायावर ओतलं
आणि कडं घेऊन गेली.

मग एका अवसेला जमलं.
बाराला दहा कमी, पाणी भरत आलेलं,
माशांवर घोंघावणारे कावळे एकदम गप्प.
ऊन होतं, पण धुतल्यासारखं, पातळ.
शेडच्या झावळ्यांतून कवडसे गोल पडतात एरवी,
ते सगळे कोरीव झाले.
सुकत घातलेल्या बोंबलांवर कोरी,
लतीफच्या पाठीवर कोरी.
सायमा घरातली चाळणी घेऊन धावत आली,
आईच्या हाका मागं टाकून,
आणि ती माझ्या वहीवर धरली.

शंभरेक सूर्य, नखाच्या कातरणाएवढे.
त्यातला एक नेमका शेऱ्याच्या रकान्यात.
पेन उघडं होतं.
"लिहा ना काका."

नाही लिहिलं. उजेड परत गोल होईपर्यंत
आम्ही दोघं त्या रकान्याकडे बघत बसलो.
तो अजून कोराच आहे, रेघसुद्धा नाही.
पुढच्या अवसेला पाणी अडीच मीटर,
वारा नैऋत्येचा.
खाली माझं नेहमीचं.