सव्वीस बाय सव्वा

दौलतगंजात खेमचंद म्हणाला,
छब्बीस तो छब्बीस होता है, मॅडम,
आणि छताला टांगलेली एक रिम काठीने उतरवली,
झुंबर उतरवावं तशी.
मी पिशवीतून मीटरपट्टी काढली.
चौतीस वर्षं फिजिक्सच्या लॅबमध्ये गेली माझी,
निरोपाच्या दिवशी त्यांनी शाल दिली,
पट्टी मी मागून घेतली.

सात मिलीमीटर कमी.
एका हरभऱ्याचा फरक,
पण माझं टायर तिच्यावर सैल पडतं,
दुसऱ्याच्या चपलेत पाय घातल्यासारखं.

ही सव्वीस बाय सव्वा आहे, मी म्हटलं.
तुमची सव्वीस बाय एक पूर्णांक तीन अष्टमांश.
तो माझ्याकडे पाहत राहिला,
मी भाव पाडायला पाढे म्हणते आहे की काय.
मग समजुतीने म्हणाला,
रिम बदला, टायर बदला,
पुढचं चाक शोभणार नाही, तेही बदला,
आणि एवढं करता तर सायकलच…
त्याचा मुलगा तेवढ्यात गिअरवाली पुसायला लागला.

मुरारच्या मिलिटरी इस्पितळातली एक नर्स बदली होऊन गेली
एकाहत्तर साली,
एकशे दहा रुपयांत देऊन गेली ही.
विलायती, काळी, मधली दांडी नसलेली.
परवा फूलबागेशी एका सांडाने तिला बाजूला सारलं,
रागाने नाही, नुसतंच,
आणि मागचं चाक पापडासारखं झालं.

नई सडक, जिंसी नाला, छप्परवाला पूल.
बंद होऊन जमाना झाला.
कानपूरला विचारा.
लुधियान्याला लिहा.
एकाने तर लहान मुलांच्या रिमा दाखवल्या, गुलाबी,
आणि विचारलं, नातीसाठी का?

पुण्याला भाचीच्या लग्नात मी म्हटलं होतं,
पंगत केव्हाची बसून राहिली, वाढा ना.
वाढपी हसला.
कळलं होतं त्याला सगळं,
फक्त कुठेतरी हरभराभर
बसलं नाही.
इंदापूरकर ना तुम्ही, व्याही म्हणाले, म्हणजे आमच्याच बाजूच्या.
इंदापूर मी नकाशात पाहिलंय.

हजिऱ्याला इद्रीसभाई भेटले शेवटी,
बंद पडलेल्या गिरणीच्या भिंतीला टेकून त्यांचं दुकान,
म्हणजे एक ताडपत्री आणि एक ऐरण.
त्यांनी पट्टी मागितली नाही.
वाकडी रिम कानाशी धरली, नखाने वाजवली,
सुतळीने एकदा मोजली, सुतळीला गाठ मारली.
छोटी को बडा नहीं कर सकता, म्हणाले,
बडी को छोटा कर दूँगा.

दूधवाल्यांची अठ्ठावीस नंबरी घेतली,
सहा बोटं लोखंड कापून काढलं,
दोन टोकं तांबूस उजेडात जोडली.
चाळीस आरे होते, अडतीस बसले.
हबाची दोन भोकं रिकामी राहतील, चालेल?
मी जरा विचार केला.
माझे खालचे दोन दात नाहीत, मी म्हटलं.
तेव्हा हसले, आणि पैसे सांगितले,
फारच कमी. मी भांडून वाढवले.

कापलेला तुकडा मागून घेतला.
स्वयंपाकघराच्या खिडकीत आहे, थोडासा वाकलेला,
त्याच्यावर मी गरम झारा टेकवते.

चाक गोल आहे.
म्हणजे जवळजवळ.
सांध्याशी ब्रेकचं रबर लागलं की
टक्.
संध्याकाळी किल्ल्याखालून उताराने येते तेव्हा
टक्, टक्, टक्,
रस्त्यातले लोक आपोआप बाजूला होतात,
घंटी वाजवावी लागत नाही.
कालच्या उतारावर मोजले, दोनशे अकरा.
पट्टीवर ते किती होतात ते काढायचं आहे,
पण घाई नाही.