पाचवा मजला, लिफ्ट नाही

ब्याऐंशी पायऱ्या आहेत.
एकतीस वर्षं चढलो-उतरलो, पण मोजल्या नव्हत्या.
आता मोजतो, कारण मिग्लाचं वजन सव्वीस किलो
आणि माझं वय एकाहत्तर.

तिचा मागचा उजवा पाय पहिल्यांदा चुकला
तो ऑक्टोबरात, स्वयंपाकघरातल्या लिनोलियमवर.
ताटलीकडे येता येता ती मागून बसली
आणि वळून पाहिलं तिनं,
कुणी ढकललं म्हणून.
खोलीत मीच होतो. उगाच चोरट्यासारखं झालं.

आता एक जुना टॉवेल तिच्या पोटाखालून घेतो,
दोन्ही टोकं मुठीत.
पुढचे दोन पाय तिचे, मागचे दोन माझे,
असं एक जनावर रोज तीनदा जिना उतरतं.

रीगात मी छत्तीस वर्षं ट्राम हाकली,
त्यामुळे वळणावर टेकलो की
तोंडातून आपसूक निघतं:
पुढचा थांबा, तिसरा मजला.
ओझोलांचं दार, आतून बटाट्यांचा आणि शेपूचा वास.
ती धापते, मी धापतो.
कोण कुणासाठी थांबलंय, ते विचारायचं नाही.

चौथ्या मजल्याचं नाव मात्र मी घेत नसे.
तिथे रिम्मा आर्काद्येव्हना.
तेरा वर्षं आमची ओळख फक्त रेडिएटरच्या नळीची:
वर मिग्लाची नखं टकटकली
की ती खालून नळीवर चमचा हाणायची.
मी कधी रशियनमध्ये माफी मागितली नाही,
तिनं कधी लॅटव्हियनमध्ये तक्रार केली नाही.
नळीला दोन्ही भाषा येत होत्या.

डिसेंबरात चमचा थांबला.
वाटलं, बाई आजारी असेल.
मग एका संध्याकाळी दारात तीच,
काखेत तिच्या पॅसेजमधली लाल पायघडी गुंडाळलेली.
"आता टकटक नाही येत," मोडक्या लॅटव्हियनमध्ये म्हणाली,
"पोतं ओढल्यासारखं येतं. रात्री.
मला झोप नाही लागत."
मग माझ्या खांद्यावरून आत पाहत:
"घसरतं ना तिला?"

राणीला घालावी तशी घातली पायघडी,
पण बाल्कनीच्या दारापर्यंत दीड हात कमी पडली.
तिथे मी गणवेशाचा कोट पसरलाय,
बटणं काढून.

रात्री दोनला आणि पाचला कूस बदलायची,
नाहीतर मांडीला जखम होते.
कधी खालचं फडकं ओलं असतं.
तेव्हा ती तोंड भिंतीकडे करते.
मी म्हणतो, अगं, मलाही हल्ली
पोचायला उशीर होतो.
झोपेत ती अजून धावते, फक्त पुढच्या पायांनी.
मागचे पाय बाकावरच्या उतारूंसारखे नुसते हलतात.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, विचार करून ठेवा.
ठेवलाय.
विजेच्या बिलांच्या खणात, अगदी तळाशी.

आज सकाळी अंगणात ताजा बर्फ होता.
लिंडेनच्या झाडाशी पोचलो, आणि टॉवेल
माझ्या हातात सैल झाला.
खाली पाहिलं. ती उभी होती.
चारही पाय तिचे.
चार श्वास, फार तर पाच,
नाक वर करून ती वारा वाचत होती.
मी हललो नाही, खोकलोसुद्धा नाही.
मग ती हळूच बसली, जणू तिनंच ठरवलं होतं.

परत चढताना चौथ्या मजल्यावर
दाराशेजारी एक स्टूल दिसलं. काल नव्हतं.
दार लावलेलं. आत रेडिओ बारीक चाललेला.
मी बसलो.
मिग्लानं माझ्या ओल्या बुटावर हनुवटी टेकवली.

"थांबा, चौथा मजला," मी म्हणालो,
थोडं मोठ्यानं, आणि रशियनमध्ये.
आत रेडिओ बंद झाला.
वर अजून अठरा पायऱ्या होत्या.