कुमसार

आमचे चेंडू कुमसाराच्या पेटीत राहतात.
जुन्या. देवळात नवी आली, सागवानी, आत पंखा असलेली,
आणि ही, वाळवीने पाय खाल्लेली,
किणीकाकांनी कोर्टाच्या कोपऱ्यात पत्र्याखाली आणून ठेवली.
फादर बसायचे तिथे सात चेंडू, हवेचा पंप.
माणसं गुडघे टेकायची तिथे शंकू, पाण्याचा कॅन.
मधली जाळी अजून शाबूत.

मी सातार्डेकर. दिवसभर मरोळ डेपोत
बसच्या टायरांची हवा बघतो, सहानंतर इथे चेंडूंची.
यांच्यातला नाही मी.
पहिल्या दिवशी सातेरीचा ताईत शर्टाच्या आत ढकलून
विचारलं होतं, चालेल का?
फादर ओझवाल्ड म्हणाले, लेअप शिकवता येतो ना?
बाकीचं आम्ही शिकवतो.

तर पोरं. बारा वर्षांखालची.
रिंगला जाळं नाही, म्हणून बास्केट झाली की नाही
यावर रोज भांडण.
जॉयलिन डावखुरी, कुणाचं ऐकत नाही, आणि तिचंच बरोबर निघतं.
तौफिक पलीकडच्या गल्लीतला, भिंतीवरून येतो,
फाटक उघडं असलं तरी भिंतीवरूनच.
एल्स्टनच्या चष्म्याला इलॅस्टिक.
पळताना त्याचे ओठ हलतात, काय मोजतो कोण जाणे.

सात वाजता घंटा होते.
जो जिथे असेल तिथे थांबतो,
घामेजले हात जोडून पुटपुटतो.
चेंडूला कोण सांगणार?
तो एकटाच उड्या मारत राहतो,
ठप्प, ठप्प, ठप ठप ठपठप,
बुटका होत होत
मरियामातेच्या ग्रोटोपाशी जाऊन टेकतो.
त्याचा आवाज संपेपर्यंत मी हलत नाही.
माझ्याकडे तेवढंच आहे.

रविवारी वाकोल्याशी उपांत्य सामना.
एकवीस-वीस, आम्ही पुढे, अकरा सेकंद.
चेंडू रेषेबाहेर. पंचाचं बोट आमच्या बाजूने.
मी पाहिलं होतं.
एल्स्टनच्या करंगळीला चाटून गेला होता,
आणि मी टाळ्या वाजवत होतो, चला, चला, लवकर घ्या.

एल्स्टनने हात वर केला.
वर्गात शूला जायचं असतं, तसा.
सर, माझा हात लागला.

अकरा सेकंद पुष्कळ असतात.
वाकोला बावीस.

एक पालक म्हणाले, शाब्बास.
बाकीचे पाण्याच्या बाटल्या गोळा करत होते.
पोरांनी त्याला टेम्पोत मागे बसवलं, शंकूंच्या शेजारी.
मी पुढे. मरोळ नाक्यापर्यंत मान वळवली नाही.
मोठेपणा वगैरे काही सुचत नव्हतं मला,
डोक्यात एकवीस, एकवीस एवढंच चाललं होतं.
उतरताना तो म्हणाला,
कोच, तुम्हाला दिसलं नव्हतं ना?
म्हटलं, नाही रे, एवढ्या लांबून कुठे.

आज मंगळवार. पोरं गेली.
किणीकाका दिवे मालवून, किल्ली वाजवत फाटकाशी.
शेवटचा चेंडू आत टाकला आणि मी गेलो नाही.
दुसऱ्या बाजूला आलो, शंकू सरकवले,
गुडघे टेकता येईनात, मांडी घालून बसलो कॅनला टेकून.
जाळीपलीकडे सात चेंडू. एकाची हवा जात होती,
अगदी बारीक, डेपोत मला हाच आवाज
दहा टायरांतून वेगळा काढता येतो.
म्हटलं, दिसलं होतं.

कुणी काही बोललं नाही.
त्याची हवा जात राहिली.

सातार्डेकर, झालं का? किणीकाका ओरडले.
म्हटलं, एक राहिलाय.

उद्या एल्स्टन सगळ्यांच्या आधी येईल, नेहमीसारखा.
पंप त्याच्या हातात देईन, तोच चेंडू मी धरीन.
पंधरावीस दट्टे मारेपर्यंत वेळ असतो,
मान खाली असते दोघांची.
तेव्हा बोलेन.
बहुतेक.